कीबोर्ड लावला, संगणकाला कळेना

कीबोर्डच्या पाठीमागे केबल खोचली, दुसरं टोक लॅपटॉपला लावलं, सॉफ्टवेअर उघडून पट्ट्या दाबल्या, आणि काहीच झालं नाही. घरी यामाहा किंवा कॅसिओवर शिकणाऱ्या मुलांपासून ऑर्केस्ट्रात वाजवणाऱ्यांपर्यंत ही वेळ कधी ना कधी सगळ्यांवर येते. मग बहुतेक जण ड्रायव्हर शोधायला लागतात. एक चालला नाही की दुसरा, कुठल्या तरी अनोळखी साइटवरून तिसरा, आणि शेवटी कुणीतरी विंडोजच नव्याने टाकायला सांगतं. त्यात दोन दिवस जातात, जुन्या फायली जातात, आणि बिघाड जिथे होता तिथेच राहतो. कारण बहुतेक वेळा तो ड्रायव्हरमध्ये नसतोच.

माझं सांगणं एवढंच आहे की दुरुस्तीला हात घालण्याआधी साखळी नेमकी कुठे तुटली ते शोधा. ‘कीबोर्ड चालत नाही’ असं आपण म्हणतो तेव्हा तीन वेगळ्या तक्रारी असू शकतात. संगणकाला काही जोडलं गेलंय याचाच पत्ता नसतो, ही पहिली. संगणकाला कळलेलं असतं पण संगीताच्या सॉफ्टवेअरला कीबोर्ड दिसत नाही, ही दुसरी. आणि सॉफ्टवेअरमध्ये नाव दिसतं, पण आवाज येत नाही, ही तिसरी. तिघींचे उपाय वेगळे आहेत, आणि एकीचा उपाय दुसरीवर करत बसलं की हाती काही लागत नाही.

ओळखायचं कसं? विंडोजवर आवाज चालू ठेवून केबल लावा. जोडणी झाल्याचा तो छोटा सूर वाजला, तर संगणकाने दखल घेतली. मग स्टार्टच्या बटणावर उजवी क्लिक करून ‘डिव्हाइस मॅनेजर’ उघडा आणि ‘साउंड, व्हिडिओ अँड गेम कंट्रोलर्स’ ही ओळ पसरवून ठेवा. आता केबल काढा, पुन्हा लावा. यादी हलते का, एखादं नाव जातं-येतं का, ते बघा. तिथे कंपनीचं नाव दिसेलच असं नाही. पुष्कळ कीबोर्ड नुसते ‘यूएसबी ऑडिओ डिव्हाइस’ किंवा ‘यूएसबी मिडी’ (मिडी म्हणजे वाद्यांची आणि संगणकाची एकमेकांशी बोलायची भाषा) म्हणून उभे राहतात, आणि आपण यामाहा हा शब्द शोधत त्यांच्यावरून नजर फिरवून जातो. मॅकवर ‘युटिलिटीज’मध्ये ‘ऑडिओ मिडी सेटअप’ नावाचं ॲप असतं. त्याच्या ‘विंडो’ मेनूमधून ‘मिडी स्टुडिओ’ उघडलं की जोडलेल्या उपकरणांची चित्रं दिसतात. कीबोर्डचं चित्र फिकट दिसत असेल तर तो पूर्वी कधीतरी जोडला होता, आत्ता मॅकला सापडत नाही. लिनक्सवाल्यांनी टर्मिनलमध्ये ‘एलएसयूएसबी’ ही आज्ञा द्यावी; यूएसबीवर काय काय आहे ते एका फटक्यात कळतं.

यादी जागची हललीच नाही तर तुमची तक्रार पहिली आहे, आणि पहिला संशय केबलवर घ्या. हे मी आग्रहाने सांगतो आहे, कारण केबल हीच गोष्ट सगळे शेवटी तपासतात. साध्या यूएसबी केबलमध्ये चार तारा असतात: लाल आणि काळी विजेसाठी, हिरवी आणि पांढरी माहितीसाठी. मोबाइल, स्पीकर, ट्रिमर यांच्याबरोबर येणाऱ्या पुष्कळ स्वस्त केबलींत फक्त पहिल्या दोनच तारा घातलेल्या असतात. छोट्या कंट्रोलर कीबोर्डला अशी केबल लावली की त्यावरचे दिवे छान लागतात, आणि आपली खात्री पटते की केबल ठीक आहे. दिव्यांवरून फक्त वीज पोचते आहे एवढंच कळतं. मायक्रो, मिनी किंवा टाइप-सी तोंडाचा कीबोर्ड असेल तर हा घोटाळा हमखास होतो. तपासायला सोपं आहे: तीच केबल मोबाइलला लावून त्यातले फोटो संगणकावर बघता येतात का ते पाहा. येत नसतील तर ती केबल चार्जिंगपुरतीच.

मोठ्या कीबोर्डच्या मागे बहुधा चौकोनी, वरचे दोन कोपरे कापलेलं भोक असतं. त्याला लागणारी केबल म्हणजे प्रिंटरची केबल. नवी आणायला धावण्याआधी घरच्या किंवा शेजारच्या प्रिंटरची काढून लावा. यामाहा आपल्या पुस्तिकांत ही केबल तीन मीटरपेक्षा कमी लांबीची वापरायला सांगते, आणि यूएसबी ३.० ची केबल वापरू नका असंही बजावते. स्टेजवर लॅपटॉप लांब ठेवायचा म्हणून दोन केबली जोडून किंवा एक्स्टेन्शन लावून काम भागवणाऱ्यांना मधूनच कीबोर्ड गायब होण्याचा अनुभव येतो, तो यातूनच.

भोकांचाही घोळ होतो. काही कीबोर्डांवर दोन यूएसबी भोकं असतात. यामाहाच्या पीएसआर-आय५०० सारख्या, आपल्याकडच्या तबला-तानपुऱ्याच्या आवाजांसह येणाऱ्या कीबोर्डवर एकाजवळ ‘टू होस्ट’ लिहिलेलं असतं, दुसऱ्याजवळ ‘टू डिव्हाइस’. संगणक लागतो तो ‘टू होस्ट’ला. दुसरं पेन ड्राइव्हसाठी आहे. दोन्ही टोकं सपाट असलेली केबल आणून तिथे संगणक जोडायचा प्रयत्न करू नका.

टाइप-सीच्या बाबतीत एक बारीक खोच आहे. दोन्ही टोकांना टाइप-सी असलेल्या केबलने जोडताना, उपकरणाच्या आत ५.१ किलोओहमचे रोधक असावे लागतात. ते दिसले तरच लॅपटॉप वीज सोडतो. काही स्वस्त कंट्रोलरमध्ये ते घातलेलेच नसतात. मग नव्या लॅपटॉपला सी-टू-सी केबलने लावलं की दिवासुद्धा लागत नाही, आणि तोच कीबोर्ड जुन्या लॅपटॉपवर नेहमीच्या सपाट टोकाच्या केबलने व्यवस्थित चालतो. कीबोर्ड मेला असं समजू नका. सपाट टोकाची केबल आणि छोटा अडॅप्टर, एवढ्याने काम होतं.

केबल निर्दोष ठरली की पोर्ट. डेस्कटॉप असेल तर पुढचं भोक सोडा आणि मागे, थेट मदरबोर्डवर असलेल्या भोकात लावा. पुढची भोकं आतल्या लांब वायरीने जोडलेली असतात आणि ती वायर सैल असणं नवलाचं नाही. हब वापरत असाल तर तो काढून थेट लावा. यूएसबी २.० चं एक पोर्ट ५०० मिलिअँपिअरपर्यंत वीज देतं. स्वतःचा अडॅप्टर नसलेला हब तेवढ्याच विजेत माउस, पेन ड्राइव्ह, ऑडिओ इंटरफेस आणि तुमचा कीबोर्ड या सगळ्यांना पोसत असतो. अशा वेळी कीबोर्ड ओळखला जातो आणि चार पट्ट्या एकदम दाबल्या किंवा पॅडचे दिवे लागले की निघून जातो. हब हवाच असेल तर स्वतःच्या अडॅप्टरवर चालणारा घ्या. ज्या कीबोर्डला स्वतःचा अडॅप्टर किंवा सेल लागतात, तो यूएसबीवर चालू होत नाही. आधी त्याचं बटण दाबून तो सुरू करावा लागतो. सेलवर चालवत असाल तर ताजे सेल घालून किंवा अडॅप्टर लावून एकदा बघाच.

जोडण्याचा क्रमही पाळावा. यामाहा सांगते की कीबोर्ड चालू करण्याआधी केबल संगणकाला लावा, संगणक झोपलेला असेल तर आधी जागा करा, आणि कीबोर्ड बंद-चालू करताना किंवा केबल काढताना-लावताना मधे सहा सेकंद तरी थांबा. घाईघाईने चार वेळा काढघाल केली की कीबोर्ड आणि संगणक दोघेही अर्धवट अवस्थेत अडकतात. आणि विंडोजवर ‘शट डाउन’पेक्षा ‘रीस्टार्ट’ करा. ‘फास्ट स्टार्टअप’मुळे शट डाउन केलेला संगणक आधीच्या अवस्थेचा काही भाग साठवून ठेवतो आणि तोच पुन्हा उचलतो, रीस्टार्टमध्ये सगळं नव्याने सुरू होतं.

एवढं करूनही शंका उरली तर हाताशी असलेला मोबाइल हा सगळ्यांत चांगला परीक्षक आहे. अँड्रॉइडमध्ये मिडीची सोय ६.० या आवृत्तीपासून, म्हणजे २०१५ पासून आहे. ओटीजी अडॅप्टर लावून कीबोर्ड मोबाइलला जोडा आणि मिडी समजणारं पियानोचं एखादं मोफत ॲप उघडा. तिथे वाजला तर कीबोर्ड आणि केबल दोन्ही धडधाकट आहेत, दोष संगणकाकडे आहे. आयपॅडवर मात्र ‘या उपकरणाला जास्त वीज लागते’ अशा अर्थाची सूचना येऊ शकते. ती बिघाडाची नव्हे, विजेची तक्रार आहे.

आता ड्रायव्हरकडे येऊ. यूएसबीवरून मिडी कसं न्यायचं याचा सर्वमान्य नियम १९९९ मध्ये ठरला. तो पाळणाऱ्या कीबोर्डला वेगळा ड्रायव्हर लागत नाही. विंडोज, मॅक, लिनक्स, अँड्रॉइड सगळ्यांमध्ये त्याची सोय आधीच असते. खोक्यावर किंवा पुस्तिकेत ‘क्लास कम्प्लायंट’ किंवा ‘प्लग अँड प्ले’ लिहिलेलं असेल तर ड्रायव्हरचा विचार डोक्यातून काढून टाका. ज्यांना कंपनीचा ड्रायव्हर लागतो त्यांच्यासाठी तो फक्त कंपनीच्याच साइटवरून घ्यावा, आणि बहुतेक वेळा आधी ड्रायव्हर टाकून मग कीबोर्ड जोडावा लागतो. रोलँडच्या अनेक कीबोर्डांत एक उपयोगी सोय असते: सिस्टिमच्या सेटिंगमध्ये यूएसबी ड्रायव्हर ‘व्हेंडर’ किंवा ‘जेनेरिक’ ठेवता येतो. जुन्या कीबोर्डचा ड्रायव्हर नव्या विंडोजवर किंवा नव्या मॅकवर चालत नसेल तर तिथे ‘जेनेरिक’ करा, सेटिंग सेव्ह करा आणि कीबोर्ड एकदा बंद करून चालू करा. बंद-चालू केल्याशिवाय बदल लागू होत नाही, इथे बरेच जण फसतात.

डिव्हाइस मॅनेजरमध्ये पिवळा त्रिकोण दिसत असेल तर त्यावर डबल क्लिक करून खाली कुठला कोड दिला आहे ते वाचा. कोड २८ म्हणजे ड्रायव्हरच नाही. इथे तो टाकणं योग्य. कोड १० म्हणजे ड्रायव्हर आहे पण उपकरण सुरू होत नाही. डिव्हाइस मॅनेजरच्या यादीतून ते काढून टाका, संगणक रीस्टार्ट करा, कीबोर्ड दुसऱ्या पोर्टला लावा. कोड ४३ आणि बरोबर ‘डिव्हाइस डिस्क्रिप्टर रिक्वेस्ट फेल्ड’ असं लिहिलेलं दिसलं तर अर्थ असा की संगणकाने ‘तू कोण?’ म्हणून विचारलं आणि पलीकडून धड उत्तर आलं नाही. हे बहुतेकदा केबलचं, पोर्टचं किंवा कीबोर्डच्या आतल्या जोडणीचं दुखणं असतं. त्यावर ड्रायव्हर बदलत बसणं व्यर्थ आहे.

विंडोजची आणखी एक खोड आहे. पुष्कळ कीबोर्ड वेगवेगळ्या पोर्टला लावले की विंडोज प्रत्येक वेळी नवी नोंद करून ठेवतं. जुन्या पद्धतीच्या मिडी यादीत जागा दहाच, त्यामुळे वर्षानुवर्षं वापरलेल्या संगणकावर ती अशा मेलेल्या नोंदींनी भरून जाते आणि नव्या कीबोर्डला जागाच उरत नाही. डिव्हाइस मॅनेजरच्या ‘व्ह्यू’मधून ‘शो हिडन डिव्हायसेस’ निवडा. कीबोर्डांच्या फिकट दिसणाऱ्या जुन्या नोंदी एकेक करून काढा. ज्यांचं नाव ओळखू येत नाही त्यांना हात लावू नका. पुढे कीबोर्ड नेहमी एकाच पोर्टला लावत जा.

कीबोर्ड आधी चालतो आणि थोड्या वेळाने बंद पडतो, ही तक्रार वेगळी. वीज वाचवण्यासाठी विंडोज यूएसबी पोर्ट झोपवून ठेवतं. डिव्हाइस मॅनेजरमध्ये ‘यूएसबी रूट हब’च्या ‘पॉवर मॅनेजमेंट’मध्ये जाऊन वीज वाचवण्यासाठी हे उपकरण बंद करण्याची परवानगी काढून घ्या. कीबोर्डचं स्वतःचं ‘ऑटो पॉवर ऑफ’ही असतं, काही वेळ कुणी हात लावला नाही की तो आपोआप बंद होतो. कार्यक्रमाच्या आधी ते बंद करून ठेवावं. ॲपलच्या चिपवर चालणाऱ्या मॅकबुकमध्ये नवं उपकरण लावलं की ‘जोडू द्यायचं का?’ असं विचारलं जातं. तिथे चुकून नाही म्हटलं गेलं असेल तर केबल काढून पुन्हा लावा, किंवा ‘प्रायव्हसी अँड सिक्युरिटी’मध्ये जाऊन परवानगी बदला.

दुसरी तक्रार, म्हणजे संगणकाला दिसतं पण सॉफ्टवेअरला नाही, ही त्या मानाने सोपी. सॉफ्टवेअर आधी उघडून मग कीबोर्ड लावला असेल तर सॉफ्टवेअर बंद करून पुन्हा उघडा. पुष्कळ सॉफ्टवेअर यादी फक्त उघडताना वाचतात. शिवाय यादीत नाव आलं तरी ते चालू करावं लागतं. रीपरमध्ये प्रेफरन्सेसच्या मिडी विभागात इनपुट सक्षम करा. एफएल स्टुडिओमध्ये मिडी सेटिंग्जमध्ये कीबोर्ड निवडून ‘एनेबल’ दाबा. एबल्टन लाइव्हमध्ये त्या इनपुटसमोरचं ‘ट्रॅक’ चालू करा. गॅराजबँडला असलं काही लागत नाही, ते स्वतःच पकडतं. आणि विंडोजच्या जुन्या मिडी व्यवस्थेत एक कीबोर्ड एका वेळी एकाच सॉफ्टवेअरला मिळतो. शिकवणीचं ॲप, ब्राउझर, रेकॉर्डिंगचं सॉफ्टवेअर अशा तिघांना एकदम उघडून ठेवलं असेल तर जो पहिला आला त्याने कीबोर्ड धरून ठेवलेला असतो. बाकीचे सगळे बंद करा.

तिसऱ्या तक्रारीचं मूळ एका गैरसमजात आहे. मिडीच्या वाटेने आवाज जातच नाही. १९८३ मध्ये वेगवेगळ्या कंपन्यांच्या सिंथेसायझरांना एकमेकांशी बोलता यावं म्हणून मिडी आलं, आणि तेव्हापासून त्याचं काम एकच: कुठली पट्टी, किती जोराने, कधी दाबली आणि कधी सोडली, हे आकड्यांत सांगणं. मधल्या सप्तकातली पांढरी एक दाबली की ६० हा आकडा जातो, आणि बरोबर १ ते १२७ मधला जोराचा आकडा. तुम्ही ट्रान्सपोज करून काळी दोन लावून ठेवली असेल तर बऱ्याच कीबोर्डांतून त्याच पट्टीला ६३ जातो. यात हार्मोनिअमचा, पियानोचा कशाचाच आवाज नसतो. तो संगणकावरच्या वाद्याने निर्माण करायचा असतो. म्हणून ट्रॅकवर एखादं सॉफ्टवेअर वाद्य चढवलेलं हवं, त्या ट्रॅकचं रेकॉर्डचं लाल बटण दाबलेलं हवं, मॉनिटरिंग चालू हवं. कीबोर्डच्या स्वतःच्या आवाजांपैकी एखादा हार्मोनिअमचा किंवा ढोलकीचा आवाजच संगणकात जसाच्या तसा घ्यायचा असेल तर यूएसबीवरून आवाजही पाठवणारा कीबोर्ड हवा, नाहीतर लाइन आउटमधून ऑडिओ इंटरफेसपर्यंत वेगळी वायर.

आकडे खरंच पोचतात का हे डोळ्यांनी बघता येतं. विंडोजसाठी ‘मिडी-ऑक्स’ आणि मॅकसाठी ‘मिडी मॉनिटर’ ही मोफत साधनं आहेत. बाकी सगळं बंद करून ते उघडा, कीबोर्ड निवडा, पांढरी एक दाबा. पडद्यावर ६० ची ओळ उमटली की केबल, पोर्ट, ड्रायव्हर हे तिघेही सुटले. आता दोष फक्त संगीताच्या सॉफ्टवेअरमध्ये शोधायचा. ओळ उमटते पण आवाज नाही, तर चॅनेल जुळतो का बघा. आवाज येतो पण पट्टी दाबल्यावर उशिराने, तर ती कीबोर्ड ओळखला न जाण्याची तक्रारच नाही. विंडोजवर असिओ ड्रायव्हर वापरून बफर १०२४ वरून १२८ वर आणा. ४४,१०० च्या सॅम्पल रेटला या बफरचा उशीर सुमारे २३ मिलिसेकंदांवरून ३ वर येतो आणि द्रुत लयीत हात पुन्हा मोकळा होतो. उलट, कीबोर्डचा स्वतःचाच आवाज नाहीसा झाला असेल तर कीबोर्डच्या सेटिंगमधलं ‘लोकल कंट्रोल’ ऑन करा.

जुन्या कीबोर्डला यूएसबीच नसतं, पाच टाचण्यांची गोल भोकं असतात. त्यांच्यासाठी मिळणाऱ्या केबलवर ‘इन’ आणि ‘आउट’ लिहिलेलं असतं, ते बहुधा संगणकाच्या बाजूने. त्यामुळे ‘इन’ लिहिलेलं टोक कीबोर्डच्या ‘आउट’मध्ये जातं. चालत नसेल तर दोन्ही टोकं अदलाबदल करून बघा, यात काही बिघडत नाही. अगदी स्वस्तातल्या अशा केबली भराभर वाजवल्यावर स्वर गाळतात. कार्यक्रमासाठी चांगल्या कंपनीचीच घ्यावी.

दोन चांगल्या केबली, दोन संगणक आणि एक मोबाइल, कुठेच दखल घेतली गेली नाही, तर कीबोर्ड दुकानात न्यायची वेळ झाली. नेण्यापूर्वी केबलचं टोक भोकात हलकेच हलवून बघा. तसं हलवल्यावर जोडणीचा सूर मधूनच वाजत असेल, तर भोकाचे आतल्या सर्किट बोर्डावरचे टाके सुटलेले असतात; केबल लावलेली ठेवूनच कीबोर्ड बॅगेत भरणाऱ्यांच्या बाबतीत हे फार होतं. टाके पुन्हा मारणं किंवा ते भोक बदलणं हे छोटं काम आहे. कारागिराला ‘चालत नाही’ असं मोघम सांगू नका. कुठल्या केबलने, कुठल्या संगणकावर, कुठला कोड आला आणि टोक हलवल्यावर काय होतं, हे कागदावर लिहून न्या. वॉरंटी असेल तर स्वतः स्क्रू उघडू नका, आणि बिलाची प्रत बरोबर ठेवा.